सुट्टीनंतर कोरी वाटणारी पाटी

एका आईचं पत्र, थोडक्यात: माझी मुलगी ११ वर्षांची आहे. दोन वर्षं ती शाळेत जर्मन शिकते आहे, आठवड्यातून तीन तास. परीक्षेत मार्क चांगले असतात. यंदा सहा आठवड्यांची सुट्टी झाली. त्यात तिने जर्मनचं पुस्तक उघडलं नाही आणि मीही मागे लागले नाही. शाळा सुरू व्हायला चार दिवस उरले तेव्हा मी शेवटच्या तीन धड्यांतले ४० शब्द तिला विचारले. ९ आले. 'किल्ली'ला तिने इंग्रजीतलं 'की' सांगितलं, 'खिडकी'ला ती गप्पच बसली. माझ्या तोंडून निघून गेलं, "सगळं पालथ्या घड्यावर पाणी!" ती रडली, म्हणाली, "मला भाषा जमतच नाहीत, मला हा विषय नको." लहान मुलं भाषा टीपकागदासारखी टिपतात असं आम्ही ऐकत आलो, मग हिचं असं का झालं? पुढच्या सुट्टीत रोजचा क्लास लावू, की विषय सोडू देऊ?

तुमच्या पत्रातल्या एका वाक्यापाशी मी थांबले. '९ आले.' हा आकडा तुम्हाला इतका लागला की त्यावरून तुम्ही दोन वर्षांचा हिशेब करून टाकलात. म्हणून आधी त्या आकड्याबद्दलच बोलू या. क्लासचं आणि विषय सोडण्याचं नंतर बघू.

तुम्ही मराठी शब्द सांगितलात आणि जर्मन शब्द मागितलात. शब्द येतो की नाही हे तपासण्याची ही सगळ्यात कठीण रीत. तोच शब्द कुणी बोलताना कानावर पडला तर समजणं, वाक्यात दिसला तर ओळखता येणं, चार पर्यायांतून निवडता येणं आणि समोर काहीच नसताना आपल्या मनातून बाहेर काढता येणं, या चार वेगवेगळ्या गोष्टी आहेत. खंड पडला की चौथी सगळ्यात आधी निसटते आणि पहिली सगळ्यात जास्त टिकते. अँड्र्यू कोहेन या भाषाशिक्षणाच्या अभ्यासकाने हे आपल्याच दोन मुलांमध्ये पाहिलं. ब्राझीलमध्ये वर्षभर राहून मुलं पोर्तुगीज बोलायला लागली होती. तिथून परतल्यावर एक, तीन आणि नऊ महिन्यांनी त्याने त्यांना गोष्टी सांगायला लावल्या. नऊ महिन्यांनी बोलण्यातले शब्द आटले होते, आणि थोरल्यापेक्षा धाकट्याचे जास्त. भाषा समजणं मात्र त्या मानाने शाबूत होतं. तुम्ही त्या दिवशी उलट विचारलं असतं, म्हणजे "'फेन्स्टर' म्हणजे काय गं?" असं, तर ती 'खिडकी' म्हणाली असती अशी माझी बरीच खात्री आहे. करून बघा. पण आज लगेच नको. का, ते पुढे सांगते.

आता विसरण्याबद्दल. हेर्मान एबिंगहाउस नावाच्या जर्मन मानसशास्त्रज्ञाने १८८५ साली स्मरणावरचा आपला ग्रंथ छापला. त्याने प्रयोग केले ते स्वतःवर. निरर्थक अक्षरजोडांच्या लांबलचक याद्या तो पाठ करायचा आणि ठरावीक वेळाने पुन्हा त्याच यादीकडे यायचा. त्याच्या कामातून निघालेली विस्मरणाची उतरती रेघ सगळ्यांना माहीत असते. सुरुवातीला ती झपाट्याने खाली येते, मग संथ होते. पण त्याने मोजलं काय, हे फारसं सांगितलं जात नाही. 'किती आठवलं' हे त्याने मोजलंच नाही. यादी दुसऱ्यांदा पाठ करायला पहिल्यापेक्षा किती कमी कष्ट पडले, ते त्याने मोजलं. एका दिवसाने साधारण एक तृतीयांश कष्ट वाचत होते आणि महिन्यानेही साधारण एक पंचमांश. ज्या यादीतलं कदाचित एकही अक्षर आपणहून आठवलं नसतं, त्या यादीनेही मनात काहीतरी ठेवलं होतं. आणि हे अर्थ नसलेल्या अक्षरांबाबत! तुमच्या मुलीने तर खिडकी उघडताना, गाणं म्हणताना, मैत्रिणीला हाक मारताना ते शब्द वापरले आहेत.

भाषांच्या बाबतीत हेच मोजून पाहिलेलं आहे. केस द बॉट आणि त्यांच्या सहकारी संशोधिकेने २००० साली दोन जर्मन भाषकांचा अभ्यास मांडला. हे दोघं लहानपणी नेदरलँड्समध्ये राहून डच शिकले होते आणि नंतर सुमारे ३० वर्षं त्यांनी ती भाषा वापरली नव्हती. जे डच शब्द त्यांना आता येत नव्हते तेच पुन्हा शिकवले, आणि त्यांच्या जोडीला पूर्वी कधी न शिकलेले शब्दही. जुने शब्द अधिक सहज बसले. ३० वर्षांनी. तुम्ही सहा आठवड्यांबद्दल विचारता आहात.

म्हणून 'ती विसरली' याऐवजी 'शब्द तिच्या हाताला लागत नाहीत' असं म्हणू या. फरक नुसता बोलण्याचा नाही. गेलं असं मानलं की आपण पहिल्या धड्यापासून सगळं पुन्हा शिकवायला बसतो, मुलीला कंटाळा येतो, आणि आपण 'ढ' आहोत हे तिला पटतं. हाताला लागत नाही असं मानलं तर काम बरंच छोटं होतं.

टीपकागदाबद्दलही बोलायला हवं, कारण तुमच्या रागाचं मूळ तिथे आहे असं मला वाटतं. दिवसभर जी भाषा मुलाच्या भोवती असते, खेळायला आणि भांडायलाही जी लागते, ती भाषा मूल खरोखर विलक्षण उचलतं. पण ती सभोवतीची भाषा थांबली की लहान मूल मोठ्यापेक्षा लवकर विसरतंही. आठवड्याला तीन तासांची भाषा ही वेगळीच गोष्ट आहे. बार्सिलोनामध्ये कार्मेन मुन्योस आणि त्यांच्या गटाने शाळेत इंग्रजी शिकणाऱ्या मुलांचा अनेक वर्षं अभ्यास केला. शिकवण्याचे तास सारखे ठेवून तुलना केली तर उशिरा सुरुवात केलेली, मोठी मुलं पुढे होती. तेव्हा ११ वर्षांच्या मुलीने तीन तासांत टीपकागद व्हावं ही अपेक्षाच चुकीची होती. ती तुमची एकटीची चूक नाही, आपण सगळेच हे वाक्य न तपासता एकमेकांना सांगत आलो आहोत.

आणि ते 'की'! तुम्ही ते चूक म्हणून लिहिलंत, मला मात्र ते वाचून बरं वाटलं. तिचं मन 'परकी भाषा' या कप्प्यात गेलं, तिथे जे वर होतं ते उचललं. सुट्टीत ती इंग्रजी गोष्टी वाचत होती असं तुम्ही पत्रात पुढे लिहिलंय, त्याचाही हात आहे. अ‍ॅन मिकन आणि सहकाऱ्यांनी २०२० साली दाखवलं की नव्याने शिकलेले स्पॅनिश शब्द डच भाषकांना आठवायला जड जातात, जर मधल्या काळात त्याच वस्तूंची नावं त्यांनी दुसऱ्या भाषेत घेतली असतील. आणि हा अडथळा मातृभाषेपेक्षा दुसऱ्या परक्या भाषेमुळे, म्हणजे इंग्रजीमुळे, जास्त आला. याचा अर्थ इंग्रजी वाचन बंद करा असा मुळीच नाही. शब्द नुसता पडून राहून झिजला असं नाही, त्याच्या वाटेत दुसरा शब्द उभा राहिला, एवढंच. वाट मोकळी करता येते.

ती कशी, याबद्दल मला थोडं सविस्तर लिहायचंय, कारण इथे मी स्वतः एक मोठी चूक केलेली आहे.

भाषा शिकवायला लागले तेव्हा सुट्टीआधी मी मुलांना शंभर शब्दांची यादी द्यायची. प्रत्येक शब्द दहा वेळा लिहून आणायचा. मुलं आणायची. सुंदर अक्षरात भरलेल्या वह्या, पानापानाला समास आखलेले. आणि पहिल्याच तासाला शब्द विचारला की माना खाली. मी त्यांना आळशी समजले. एका मुलीने वही माझ्यापुढे उघडून धरली आणि म्हणाली, "बाई, मी खरंच लिहिलंय." ती खरं बोलत होती. तिने हजार वेळा लिहिलं होतं आणि एकदाही आठवलं नव्हतं. शब्द समोर दिसत असताना तो उतरवून काढायला आठवावं लागतच नाही. त्या मुलीचा चेहरा मी विसरलेले नाही.

कार्पिकी आणि रोडिगर या दोघांनी २००८ साली हीच गोष्ट ४० स्वाहिली शब्द घेऊन तपासली. शब्द एकदा आठवले की काही विद्यार्थी ते पुढे नुसते पाहत राहिले, त्यांना ते पुन्हा विचारले गेले नाहीत. काहींना मात्र ते पुन:पुन्हा विचारले गेले. आठवड्याने विचारले गेलेल्यांना सुमारे ८० टक्के शब्द आठवले, नुसते पाहणाऱ्यांना साधारण एक तृतीयांश. मला त्याहून महत्त्वाचं वाटतं ते हे: आठवड्यानंतर किती आठवेल याचा अंदाज आधी विचारला तेव्हा सगळ्या गटांनी जवळजवळ सारखाच सांगितला. कुठली रीत आपल्याला फळते आहे, हे शिकणाऱ्याला आतून कळत नाही. पाहून वाचलं की ओळखीचं वाटतं आणि ती ओळख आपण 'येतं' अशी धरून चालतो. परीक्षेच्या आदल्या रात्री घोकलेलं असंच असतं.

मग तुम्हीही तर तिला विचारलंतच, त्यात वाईट काय झालं? विचारणं बरोबर होतं. पण एकदम ४० शब्द, सगळ्यात कठीण दिशेने, सहा आठवड्यांनी पहिल्यांदाच, आणि आईच्या चेहऱ्याकडे बघत. आठवण्याच्या कसरतीत चुकलेल्या शब्दाचं उत्तर लगेच, शांतपणे मिळावं लागतं, आणि चुकण्याची भीती नसावी लागते. म्हणून म्हटलं, आज लगेच नको. आधी तिच्याशी बोला. "त्या दिवशी मी चुकीच्या पद्धतीने विचारलं, चूक माझी होती," इतकं साधं. तिच्या मनात 'मला भाषा जमत नाहीत' हे वाक्य जितके दिवस राहील तितकं ते निघायला जड जाईल.

त्यानंतरचे दोन आठवडे उजळणीचे. नवीन काही नाही. पहिले दोन-तीन दिवस तिने तिच्या आवडीचा जुना धडा किंवा गोष्ट नुसती वाचावी, ऐकावी. पाहिलेले शब्द जागे होऊ द्यावेत. मग जर्मन शब्दावरून अर्थ. मग चित्र किंवा खरी वस्तू दाखवून शब्द. अडली तर पाच-सात सेकंद थांबा, ही शांतता आपल्याला फार लांब वाटते पण तिला ती हवी असते. मग पहिला आवाज द्या. ओठांवर आलेला शब्द पहिल्या अक्षराने सुटतो हे आपल्या सगळ्यांच्या अनुभवाचं आहे. तरीही नाही आला तर सांगून टाका आणि दोन-चार शब्दांनंतर पुन्हा तोच विचारा. एका वेळी दहा-बारा शब्द, दहा मिनिटं. एवढंच. तुम्हाला जर्मन येत नसेल तर आणखी चांगलं. तिला तुम्हाला शिकवू द्या. शिकवणाऱ्याला शब्द आठवावेच लागतात, आणि आई चुकताना दिसली की घरात चुकणं सोपं होतं.

एका गोष्टीबद्दल आधीच सावध करते. शब्द परत येतील, पण लिंग घोटाळा करेल. जर्मनमध्ये आपल्या मराठीसारखीच तीन लिंगं आहेत: देर, दी, दास; तो, ती, ते. इंग्रजीतून जर्मनकडे जाणाऱ्याला जे अजब वाटतं ते आपल्या मुलांना मुळात अजब नाही, ही आपली शिदोरी आहे. पण वाटणी वेगळी. चमचा त्यांच्याकडेही 'तो' आहे, सुरी मात्र 'ते' आणि काटा 'ती'! खंडानंतर मुलं मराठीचं लिंग जर्मन शब्दाला लावतात. पहिल्या आठवड्यात त्यावर लाल रेघा मारू नका. शब्द आणि त्याचं 'देर-दी-दास' मिळून एकच शब्द आहे अशा रीतीने पुन्हा म्हणत गेलं की ते सरळ होतं. आणि काटा, चमचा, सुरी तिन्ही एका दिवशी विचारू नका. सारख्या गटातले नवे शब्द एकत्र आले की एकमेकांत मिसळतात. उलट 'नाझं' म्हणजे नाक, 'नामं' म्हणजे नाव, 'मुटर' म्हणजे आई, असे आपल्या कानाला नात्यातले वाटणारे शब्द मुद्दाम पेरा. ते सहसा विसरले जात नाहीत, आणि तिला पटकन चार उत्तरं बरोबर आली की पाचव्या, कठीण शब्दाला धीर येतो.

आता पुढची सुट्टी. रोजचा क्लास हा पर्याय मी नाकारत नाही. तिथे खेळ, गप्पा, नाटुकलं असेल आणि तिलाच जावंसं वाटत असेल तर जाऊ दे. पण विसरू नये एवढ्यासाठी रोजचा क्लास लागत नाही. हॅरी बाहरिक आणि त्यांच्या घरच्या तिघांनी, म्हणजे एकूण चौघांनी, परक्या भाषेतले प्रत्येकी ३०० शब्द घेऊन अनेक वर्षं स्वतःवर प्रयोग केला आणि १९९३ साली तो मांडला. ५६ दिवसांच्या अंतराने १३ वेळा केलेली उजळणी, १४ दिवसांच्या अंतराने २६ वेळा केलेल्या उजळणीच्या तोडीची ठरली. निम्म्या वेळा बसून तेवढंच टिकलं, कारण मधे अंतर होतं. थोडं विसरायला आल्यावर जे आठवावं लागतं, तेच घट्ट बसतं. अंतर राखून शिकताना दर वेळी जास्त अडखळायला होतं हेही खरं, आणि म्हणूनच आईबापांना ही रीत बघवत नाही.

सहा आठवड्यांच्या सुट्टीसाठी मी असं करेन. सुट्टीच्या आधी तिच्याबरोबर ६० शब्द निवडा, तिला खरोखर वापरावेसे वाटणारे. एकेक कार्ड, एका बाजूला चित्र किंवा मराठी, दुसऱ्या बाजूला जर्मन. सेबास्टियन लाइटनर या लेखकाने १९७० च्या दशकात कप्प्यांच्या पेटीची युक्ती लोकप्रिय केली, ती अजून चालते. आलेलं कार्ड पुढच्या कप्प्यात जातं आणि जास्त दिवसांनी भेटतं, न आलेलं पहिल्या कप्प्यात परत येतं. ११ वर्षांच्या मुलीला कार्ड पुढे सरकताना बघायला आवडतं, तेवढं बक्षीस पुरतं. सुट्टीच्या पहिल्या आठवड्यात दोनदा, मग आठवड्यातून एकदा, आणि शाळेआधीच्या चार-पाच दिवसांत दोनदा. बाकी दिवस जर्मनचं नावही काढू नका. मोबाइलवरची ॲप हेच काम करतात, पण रोजची साखळी तुटली म्हणून मुलं हिरमुसतात आणि सगळंच सोडतात, हे मी पाहिलंय. पेटीला दहा दिवस हात लागला नाही तरी पेटी रुसत नाही.

विषय सोडण्याचं काय? आज ठरवू नका. रडताना मागितलेली सुटका आणि विचार करून मागितलेली सुटका यांत फरक असतो. दोन महिन्यांनी, शब्द परत यायला लागल्यावर, तिला पुन्हा विचारा. तेव्हाही ती शांतपणे 'नको' म्हणाली तर ऐका. तिला दुसरं काही मनापासून आवडत असेल तर तिचे तास तिकडे जाऊ देत. शिकलेलं वाया जाईल ही भीती मात्र त्या निर्णयात आणू नका. याच बाहरिक यांनी १९८४ साली शाळा-कॉलेजात स्पॅनिश शिकलेल्या ७३३ जणांची चाचणी मांडली होती, कुणी नुकतंच शिकलेलं, कुणाला ५० वर्षं झालेली. पहिल्या तीन ते सहा वर्षांत घसरण होती, आणि मग जे उरलं ते पुढे २५-३० वर्षं जवळपास तसंच होतं. किती उरलं हे मुख्यतः मुळात किती खोल शिकलं होतं यावर अवलंबून होतं. तिने विषय सोडायचा झाला तरी चांगल्या उजळणीनंतर सोडणं, रडून सोडण्यापेक्षा बरं.

अशीच पत्रं इतरांचीही आली आहेत, म्हणून दोन शब्द त्यांच्यासाठी. ज्यांची मुलं पाच-सहा वर्षांची आहेत, अजून वाचत नाहीत, त्यांनी कार्डांच्या भानगडीत पडू नये. तीच दोन गाणी, तीच एक गोष्ट पुन्हा पुन्हा, आणि गोष्टीत मधेच थांबून पुढचा शब्द मुलाला भरू देणं, एवढं पुरे. जी मुलं परदेशात राहून परतली आहेत त्यांचं बोलणं वेगाने आटतं. त्यांना आठवड्यातून एकदा तरी कुणाशी बोलायला मिळावं, आणि वाचता येत असेल तर त्या भाषेतली पुस्तकं हाताशी राहावीत. आणि शिक्षकांना माझी कळकळीची विनंती: सुट्टीआधीच्या शेवटच्या आठवड्यात 'पोर्शन संपवायचा' म्हणून नवा धडा उरकू नका. ते शब्द सगळ्यात आधी जातात. त्या आठवड्यात जुनंच पुन्हा बाहेर काढा, आणि सुट्टीनंतरच्या पहिल्या आठवड्यात मार्कांची चाचणी ठेवू नका. तुमच्या मुलीच्या शिक्षिकेलाही हे तुम्ही सांगू शकता, ताई. बहुतेक जणी ऐकतात.

तुमच्या मुलीने ९ शब्द सांगितले ते कोणते, हे तुम्ही लिहिलेलं नाही. तुम्हाला आठवतात का? पहिली नऊ कार्डं त्यांचीच करा. दहावं कार्ड 'किल्ली'चं. आणि दोन-तीन दिवसांनी, तिचा राग निवळल्यावर, घरात शिरताना किल्ली तिच्या हातात ठेवून फक्त "श्लु..." एवढंच म्हणा, आणि थांबा.